पाहिलेले आणि माहीत असलेले

पाचवीच्या वर्गाला मी दर वर्षी एकदा तरी विहीर काढायला सांगतो. आमच्या शिरूरच्या आसपासची मुले ती. विहीर पाहिली नाही असे एकही मूल वर्गात नसते. आणि तरीही चित्रे दर वर्षी तीच येतात. विहिरीचे तोंड वरून पाहिल्यासारखे वाटोळे, भिंती बाजूने पाहिल्यासारख्या उभ्या, आत निळे पाणी, पाण्यात मासा, तळाशी कासव, आणि पायऱ्या तर मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. मी विचारतो, "बाळांनो, काठावर उभे राहिलात तर हे सगळे एकदम दिसते का?" एकदा एका मुलीने उत्तर दिले, "दिसत नाही सर, पण असतं ना!"

त्या "पण असतं ना"ने मला पुढे बराच त्रास दिला. कसा, ते सांगतो.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, त्यावर चित्रकलेची पदविका, बस्स. रविवारी आणि मे महिन्याच्या सुटीत कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने समीक्षा लिहावी हा अंमळ धीटपणाच; आणि तीही "आठवणी" या वाङ्मयप्रकाराची, ज्यावर पंडितांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. पण या विषयात माझा एक अपराध घडलेला आहे, आणि अपराध्याला कायदा इतरांपेक्षा थोडा जास्त कळतो म्हणतात.

माझी दुसरी कादंबरी १९७२ च्या दुष्काळावर होती. माझा जन्म त्यानंतरचा, तेव्हा पाहिलेले असे माझ्यापाशी काहीच नव्हते. होत्या त्या घरातल्या आठवणी. दौंड तालुक्यात भीमेकाठी माझी आत्या असते; तिने आणि तिच्या पिढीच्या दहा-पंधरा माणसांनी सांगितलेले मी वहीत उतरवून घेतले होते. खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांची कामे, लाल मिलोच्या भाकरी, पोरांना मिळणारी सुखडी. त्यात एक गोष्ट झाडून सर्वांनी सांगितली, शपथेवर सांगितली: गाजरगवत त्या मिलोबरोबर आले, त्याआधी आमच्या रानात त्याचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. मला ती फारच आवडली. परदेशचे धान्य पोटात गेले आणि परदेशचे तण रानात उगवले! कादंबरीचे शेवटचे प्रकरण मी त्या पांढऱ्या फुलांवर उभे केले.

पुस्तक निघाल्यावर तीन महिन्यांनी कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे पत्र आले. पत्र फार सभ्य होते, त्यामुळे जास्त लागले. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५६ च्या सुमारासच झालेली आहे, असे त्यांनी कळवले होते. म्हणजे तुमच्या दुष्काळाच्या चांगली पंधरा-सोळा वर्षे आधी. मी चौकशी केली. गृहस्थांचेच खरे होते.

मग त्या दहा-पंधरा माणसांनी मला खोटे सांगितले काय? मुळीच नाही. दोन वर्षे पडीक पडलेल्या रानात ते गवत त्यांना प्रथम डोळ्यांत भरले असेल. मिलोही त्याच दिवसांत आला. दोन गोष्टी जवळजवळ पाहिल्या आणि मनाने त्यांची गाठ मारली. पुढे गावोगाव तीच गाठ पक्की होत गेली. रानात गवत दिसले हे पाहिलेले. ते मिलोतून आले हे माहीत झालेले. विहिरीच्या काठावरून तळचे कासव दिसले, एवढेच.

तेव्हापासून कोणतेही आठवणींचे पुस्तक हाती आले, की मी मनाशी दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसतो. पाहिलेले एका रंगात, माहीत असलेले दुसऱ्या रंगात. दिवाळीच्या सुटीत, फराळाचे ताट बाजूला ठेवून, वाचकांनीही हा खेळ करून पाहावा. आपल्याकडे आठवणींचे पीक उदंड आहे. बेचाळीस साली भूमिगत नव्हता असा मनुष्य आत्मचरित्रांतून शोधून काढावा लागतो. आणि आणीबाणीला ज्याचा मनातून तरी विरोध नव्हता, असा एकही मला अजून छापील पानावर भेटलेला नाही. या पुस्तकांवर दुसऱ्या रंगाची पेन्सिल चालवता चालवता झिजून जाते.

पण पहिल्या रंगाने भरून जाणारेही एक पुस्तक मराठीत आहे. विष्णुभट गोडसे यांचा "माझा प्रवास".

हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि तिथे दक्षिणा चांगली मिळणार असे कानी आले, म्हणून १८५७ साली आईवडिलांची परवानगी काढून, काकांबरोबर उत्तरेला निघाला. निघाला दक्षिणेसाठी आणि सापडला बंडात! महूच्या बाजूला शिपायांनी पुढे काय होणार याची कुणकुण दिली, तरी हे पुढेच गेले. पुढे ग्वाल्हेर, झाशी. झाशीत राणीच्या आश्रयाला असतानाच १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडला, आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. भटजी आत. कापाकापी पाहिली, लपून राहिले, जवळचे द्रव्य गेले. अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. एवढ्या उलाढालीतून मिळवले म्हणावे ते हेच.

हे त्यांनी लिहिले कधी? जवळजवळ पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. आणि आपल्या हयातीत छापू नये अशा बोलीवर, कारण सरकारचे भय. १९०७ मध्ये वैद्यांनी ते प्रसिद्ध केले तेव्हा त्यावर पुष्कळ हात फिरवलेला होता. भटजींचे मूळ लेखन जसेच्या तसे वाचायला मिळाले ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापले तेव्हा. म्हणजे पाहिल्यावर पंचवीस वर्षांनी लिहिले, लिहिल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच्या हातून सजून बाहेर आले, आणि मूळ रूप दिसायला आणखी साठ वर्षे. इतक्या चाळण्यांतून गेलेल्या आठवणींवर विश्वास किती ठेवावा?

इथे पेन्सिली कामाला येतात. बंड का झाले याचे भटजींनी कारण दिले आहे. इंग्रजांनी चौऱ्याऐंशी कलमांची एक यादी तयार केली, ती हिंदुस्थानच्या धर्माच्या मुळावर येणारी होती, कलकत्त्यास राजेरजवाड्यांपुढे ती ठेवली, आणि त्यातून सर्व पेटले. अशी यादी इतिहासात कुठे सापडत नाही. पण भटजी ती मोठ्या खात्रीने सांगतात. त्या काळी वाटेवर, धर्मशाळांतून, घाटांवर जे बोलले जात होते ते हे. हे त्यांचे गाजरगवत. (मला यात थोडा दिलासा वाटतो, हे लपवत नाही.) भाषाही इथे पाहा, वाक्ये मोठी होतात, राजे सभेत भाषणे करू लागतात, आणि पुराणिकाचा आवाज येतो. पाहिलेल्या गोष्टीत माणूस असा बोलत नाही.

आणि आता झाशीची लूट पाहा. एखाद्या विद्वानाने हा प्रसंग लिहिला असता तर क्रौर्याबद्दल दोन पाने तळमळून लिहिली असती. भटजी काय सांगतात? लूट कशी क्रमाक्रमाने झाली ते सांगतात. आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्यधुन्य. कोण काय नेत होते हेही सांगतात. हा यजमानाघरच्या दानाची मोजदाद करायला शिकलेला डोळा आहे. आयुष्यभर ज्याने "अमक्याने धोतरजोडी दिली, तमक्याने दोन रुपये" हा हिशेब ठेवला, त्याच्यापुढे जेव्हा एक शहर लुटले जाते, तेव्हा तो त्याच हिशेबाने ते पाहतो. मला या पानांइतके भयंकर मराठीत थोडेच काही वाटले आहे. प्रेते गल्लीतल्या गल्लीत जाळावी लागली आणि त्यासाठी घरांतले लाकूडसामान वापरले, हे तो ज्या साध्या सुरात सांगतो त्याच सुरात तो पूर्वी यज्ञाची सामग्री सांगत होता.

मग ती विहिरीची जागा. काल्पीच्या बाजूला पहाटेच्या वेळी भटजी विहिरीवर पाणी काढत असताना काही स्वार आले. त्यांत पठाणी पोशाखात, धुळीने माखलेली राणी. पाणी हवे होते. भटजी काढून देऊ लागले. ती म्हणाली, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी काढू नका. तिने स्वतः मडक्याने पाणी काढले आणि ओंजळीने प्याली. मग आपल्यासारख्या विधवेला पोटापुरते तांदूळ मिळाले तरी पुरे होते, हे सारे करण्याची गरज नव्हती, अशा अर्थाचे काही बोलली आणि निघून गेली.

हे बोलणे शब्दशः असे झाले असेल काय? पंचवीस वर्षांनंतर कोणाचे बोलणे शब्दशः आठवते? मला त्याची खात्री देता येत नाही, आणि इतिहासकारांनी त्यावर खुशाल वाद घालावा. पण मडके मात्र खरे. ओंजळ खरी. राणी हरून निघालेली आहे, भोवती प्रलय चालला आहे, आणि तशातही ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढायचे नाही याचे तिला भान आहे; ही गोष्ट बनवून सांगायची असती तर भटजींनी तिच्या हातात तलवार दिली असती. मडके दिले नसते. तलवारीची चित्रे आपण पुतळ्यांतून पुष्कळ केली. मडक्याचे चित्र मी तरी कुठे पाहिलेले नाही.

शिरूरहून आत्याकडे जायचे तर न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरावे लागते. तिथून केडगाव जवळ. या केडगावला आठवणींच्या वाङ्मयातली दुसरी एक मोठी व्यक्ती राहून गेली, आणि आम्हा या भागातल्या माणसांना तिची आठवण फक्त "मुक्ती मिशन" या दोन शब्दांपुरती उरली आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिथल्या अनाथ मुली आणि बाया आणल्या, आणि केडगावच्या माळावर त्यांचे घर उभे केले. १९२२ मध्ये त्या तिथेच गेल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. तो वाद शंभर वर्षे चालला आहे आणि माझ्या सांगण्याने मिटणार नाही. मला इथे त्यांच्या दुष्काळाच्या आठवणींविषयी बोलायचे आहे.

त्या मध्य प्रांतात धावत का गेल्या? लहानपणी त्यांनी दुष्काळ भोगला होता. १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत, तीर्थयात्रा करीत फिरणारे हे कुटुंब. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, मुलीला संस्कृत शिकवलेले, पण कष्टाचे काम कोणालाच येत नव्हते. पैसे संपले, दागिने संपले, भांडी संपली. वडील गेले, पाठोपाठ आई, पुढे बहीण. रमाबाई या सगळ्याचा दोष आपल्या घराच्या समजुतींवर ठेवतात, आणि लिहिताना त्या ख्रिस्ती झालेल्या असल्यामुळे दैवते, तीर्थे, व्रते यांवर त्यांचा रोख आहे. हे सारे नंतर माहीत झालेले, दुसऱ्या रंगाचे. त्याला माझी हरकत नाही. कोणता लेखक आपले आजचे डोळे काढून ठेवून कालचे पाहू शकतो? पण त्याच लेखनात एक जागा अशी आहे, की तिथे उपदेश आपोआप गप्प बसतो. भाऊ-बहीण उत्तरेत, थंडीचे दिवस, अंगावर धड वस्त्र नाही. नदीच्या वाळूत त्यांनी दोन खड्डे केले, त्यांत शिरले, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. ऊब यावी म्हणून.

यावर रमाबाईंनी भाष्य केले असते तरी ते मला आठवले नसते. खड्डे आठवतात. केडगाव स्टेशनवरून गाडी जाते तेव्हा, तीनशे मुलींना घेऊन येणारी बाई मला दिसत नाही. वाळूत गळ्यापर्यंत पुरून घेतलेली मुलगी दिसते, आणि मग तीनशे मुली का आणल्या हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या रमाबाईंचे, म्हणजे रमाबाई रानड्यांचे, "आमच्या आयुष्यातील काही आठवणी" हे पुस्तक १९१० चे. ते घरोघरी वाचले गेलेले आहे, तेव्हा त्याविषयी थोडक्यात. त्या पुस्तकात न्यायमूर्ती फार मोठे आहेत, आणि सबंध पुस्तकभर ते मोठेच राहतात. हा भक्तीचा दोष आहे, आणि गोड आहे. पण १८७५ साली पुण्यात दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली, विरोधकांनी धुडगूस घातला, आणि रानडे चिखलाने भरलेल्या कपड्यांनी घरी आले, तो प्रसंग वाचावा. सुधारक आणि सनातनी यांच्या भांडणाचे मोठमोठे ग्रंथ आहेत. नुकत्याच सासरी आलेल्या मुलीला त्यातला चिखल दिसला. ते कपडे घरातल्या कोणाला तरी धुवायचे होते ना!

१८७५ म्हटले की आम्हा शिरूर-दौंडकरांना मात्र दुसरेच काही आठवायला हवे. हवे म्हणतो, कारण आठवत नाही.

त्या वर्षीच्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुका त्याच भीमथडीतला. दंग्याची लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. तिसांहून अधिक गावे त्यात सापडली. पुस्तकांतून "दख्खनचे दंगे" म्हणतात ते हेच. पण ठिणगी त्याच्याही आधी पडली होती, आमच्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावी, १८७४ च्या डिसेंबरात. कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला काढले. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचे शेत कोणी करेना, पाणी कोणी भरेना, न्हावी हजामत करेना. शेवटी सावकाराला गाव सोडावे लागले. पुढच्या उन्हाळ्यात बाजाराबाजारांतून माणसे सावकारांच्या दारी जमली, ती मुख्यतः कागद मागायला. खते, रोखे, हिशेबाच्या वह्या. दिले तर जाळून परत गेली. माणसांच्या जिवावर हात फारसा कोठे पडला नाही. कागद हा शत्रू होता. ज्यावर अंगठा उठवला तो कागद.

या घटनेमागची कारणे आज शाळेच्या पुस्तकात आहेत. अमेरिकेतले युद्ध चालू होते तोवर कापसाला भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने पैसे दिले. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव पडले. सरकारने साऱ्याची फेरआकारणी करून तो चढवला. मुदतीच्या कायद्याने दर तीन वर्षांनी खते नवी करण्याची पाळी आली आणि प्रत्येक नव्या खतात व्याज मुद्दलात गेले. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, त्याचा अहवाल १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. इतके सगळे झाले. पण सुप्याच्या बाजारात जो उभा होता, ज्याने वही हातात घेतली आणि आगीत टाकली, त्याची आठवण कुठे आहे? एक पान नाही. त्याचे जे शब्द उरले ते सरकारी कागदांत. पोलीस समोर असताना माणूस जे बोलतो, ते शब्द. आणि कलेक्टराने काय पाहिले? रस्त्यात पडलेले राखेचे ढीग.

ज्याने आयुष्यात एकच गोष्ट कागदाविरुद्ध केली, त्याने आठवण कागदावर ठेवली नाही, यात नवल काय? पण त्याचा परिणाम असा झाला की त्याच्या वतीने बोलणारे सगळे कागदवालेच. मी स्वतः एकदा त्या दंग्यावर कादंबरी लिहायला घेतली आणि साठाव्या पानावर सोडून दिली. माझा नायक वही जाळताना फारच सुंदर विचार करू लागला होता.

जमाव आठवणी लिहीत नाही, हे पुढेही चालूच राहिले. ३० जानेवारी १९४८ नंतरच्या दिवसांत आमच्या मुलखात जी घरे जळली, त्यांच्याविषयी जळलेल्या घरातल्यांनी लिहिले. व्यंकटेश माडगूळकरांची "वावटळ" त्यातूनच आली, आणि ती चांगली आली, कारण त्यांनी वादळ दाखवण्यापेक्षा पायी घरी निघालेली पोरे दाखवली. पण जो त्या जमावात होता, किंवा नुसता कडेला उभा राहून पाहत होता, त्याची आठवण? ती माणसे अगदी आतापर्यंत आमच्या पारावर बसलेली होती. कोणी विचारले नाही. विचारले तर सांगतात काय, हाही प्रश्नच. पण आपण विचारले नाही ते सौजन्य म्हणून नव्हे, भीती म्हणून.

कोणीतरी जाऊन विचारावे लागते. गोदावरी परुळेकरांचे "जेव्हा माणूस जागा होतो" हे १९७० चे पुस्तक म्हणूनच मला मोलाचे वाटते. १९४५ च्या मेमध्ये झरी गावी वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, त्याची ही हकीकत. खरे सांगायचे तर मोर्चे आणि ठराव यांची पाने मी भराभर उलटतो. ती पुढाऱ्याची आठवण आहे. पण लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर जमीनदाराचे "लग्नगडी" होऊन राहत, हे ती शिकलेली बाई त्यांच्या झोपडीत बसून ऐकते, त्या पानांवर ती पुढारी राहत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी "आम्हीही इतिहास घडवला" (१९८९) मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायांकडे त्या घरोघर गेल्या आणि त्यांना बोलू दिले. साऱ्याच मुलाखती सारख्या रंगल्या आहेत असे नव्हे. काही बाया सभेत बोलावे तशा बोलतात. पण या दोघी गेल्या नसत्या तर त्या सभेपुरत्याही उरल्या नसत्या.

गाजरगवताच्या पत्रानंतर मी पुन्हा आत्याकडे गेलो. तिला पत्र दाखवले. तिला मुळीच पटले नाही. "त्यांनी पुण्यात बघितलं आसंल. आमच्या रानात न्हवतं." यावर मी काय बोलणार? मग तिने नेहमीप्रमाणे दुष्काळ सांगायला सुरुवात केली: मिलो, खडी, सुखडी. त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, माझ्या वहीत होते तसे. ती गोष्ट आता पाहुण्यांसाठी घासूनपुसून ठेवलेली होती, पितळी समईसारखी.

मी वही मिटली आणि चित्राचा कागद काढला. म्हटले, "आत्या, मला ते काम काढून दाखवायचंय. तू कुठं बसायचीस ते सांग."

"कुठं म्हंजे? खडीवर."

"ऊन कोणत्या अंगानं यायचं?"

ती थांबली. मग म्हणाली, "सकाळचं पाठीवर. दुपारी तोंडावर यायचं, म्हणून मी पोराचं फडकं असं बांधायची." हाताने करून दाखवले. मग डाव्या हातात दगड धरायला टायरची कडी असायची, ती आठवली. कपच्या उडून डोळ्यात जात ते आठवले. शेजारी कोण बसे, तिच्या पायाला काय झाले होते, ते आठवले. मी काढत होतो, ती दुरुस्त करत होती. "डाल इतक्या जवळ नव्हती रं. पोरगी लांब ठेवायचे, कपच्या उडायच्या." डालीखाली पोरगी, दोन वर्षांची.

"आणि सुखडी कुठं वाटायचे?" मी विचारले.

बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटले, कंटाळली. मग माझ्या कागदाकडे पाहतच म्हणाली, "पोरीच्या सुखडीतली मी खायची. रोज न्हाई. पण खायची. निम्मी."

माझ्या कादंबरीत एक आई आहे. ती आपल्या वाटची भाकर मुलाला देते आणि स्वतः पाणी पिऊन निजते. ते प्रकरण पुष्कळांना आवडले. एका पाठ्यपुस्तकासाठीही विचारणा झाली होती. ते मी आत्याच्याच सांगण्यावरून लिहिले होते. आई अशी असते, हे मला माहीत होते. तिलाही माहीत होते. आम्ही दोघांनी मिळून विहिरीचा तळ काढला होता.

मी म्हटले, "हे लिहू का?"

"लिही," ती म्हणाली. "माझं नाव घालू नको." आणि थोड्या वेळाने, "तिला कळता कामा नये."

ती म्हणजे डालीखालची पोरगी. माझी आतेबहीण, पन्नाशी ओलांडलेली, दिवाळीला माहेरी आलेली. आत चकल्या तळत होती. दोनदा हाक मारून झाल्यावर ती ताट घेऊन बाहेर आली, आमच्यामध्ये ठेवले, आणि चित्राकडे वाकून पाहून म्हणाली, "ही कोण? आई का? आणि ह्या डालीखाली काय, कोंबड्या?"

आत्याने चकली मोडली आणि मोठी अर्धी तिच्या हातात दिली.